विलासदादा प्यायलेला नव्हता

जमलेल्या सगळ्यांना जय भीम.

मी मंगल, विलासदादाची धाकटी बहीण. आमच्या घरात बोलायचं काम दादाचं. टीव्हीवर तोच बोलायचा, विहारातही तोच. आज माइक मी मागून घेतलाय. रडू येतंय म्हणून नाही. राग येतोय म्हणून.

मघापासून या शोकसभेत सगळे फार गोड बोलले. ‘दापोडीचा हिरा’ काय, ‘मराठी फुटबॉलचा आवाज’ काय! वहिनी मान खाली घालून ऐकतेय. आता जरा माझं ऐका.

दादा स्टॉपर होता. आपल्या गोलपुढे उभं राहायचं आणि समोरून येणारा चेंडू परतवायचा. बहुतेक वेळा डोक्याने. आधी भोसरीच्या एका कंपनीच्या संघात, मग कोलकात्याला, मोठ्या क्लबात. एकदा डोक्यावर डोकं आपटून तो मैदानातच आडवा झाला. तोंडावर पाणी मारलं, भुवईला पट्टी बांधली, परत आत ढकलला. सामना जिंकला, पण दादाला शेवटचा गोल आठवत नव्हता. आई म्हणाली, “बाळा, डोकं हाय ते. नारळ न्हाई.”

खेळणं थांबलं तेव्हा चॅनेलने त्याला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. काय बोलायचा! “बघा राव, हा बॅक झोपलाय, आता गोल बसणार.” आणि बसायचा! चाकणला शिफ्ट संपवून आलेली पोरं त्याच्यासाठी टीव्ही लावायची.

मग ती फायनल. आपल्याच शहरातली. चिखलीचा सूरज खेळत होता. हवेत दोन डोकी आपटली. सूरज उठला, पण कुठल्या बाजूला पळायचं तेच त्याला कळेना. स्प्रे मारला आणि पुन्हा खेळायला सोडला. दादा लाइव्ह बोलला, “त्याला बाहेर काढा. तो भानावर नाहीये.” कानातल्या यंत्रात चॅनेलच्या साहेबांचा आवाज आला, “विलासजी, खेळावर बोला.” दादाने तेही सगळ्यांना सांगून टाकलं. “मला खेळावर बोला म्हणतायत. अहो, पोरगा मरेल तिथं!”

सूरजची आई घरी टीव्ही बघत होती. तशीच रिक्षाने मैदानावर आली, थेट आत शिरली आणि पोराला हाताला धरून बाहेर काढलं. दवाखान्यात कळलं, डोक्यात रक्त साकळलंय. ऑपरेशन झालं. तो वाचला. ते बघा, मायलेक मागे उभे आहेत.

आणि दादाला काय मिळालं? पुढच्या सामन्याला फोन नाही. यानेच फोन केला, तर म्हणाले, “नवे चेहरे आणतोय.” झालं! कानातला आवाज ऐकला नाही, म्हणून माणूसच बाद?

मग तो गल्लीतल्या स्पर्धांना माइक धरायला लागला. तिथं खेळाडूंची नावं विसरायला लागला. एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायचा. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं. खाली लिहिलं, ‘भाऊ फुल टाइट’. सगळ्या शहरात फिरलं ते. तुमच्याही मोबाइलवर आलं होतं. हसला होतात ना?

माझ्या भावाने आयुष्यात दारूला हात लावला नाही.

वहिनी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, “डोक्याला कधी मार लागला होता?” दादा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तेच तर माझं काम होतं.” मेंदू झिजत चालला होता. शेवटी शेवटी तो मलाच विचारायचा, “ताई, आमची मंगल कुठं दिसली का?”

तेच चॅनेलचे साहेब पहिल्या रांगेत बसलेत. मोठा हार आणलाय. साहेब, तो व्हिडिओ फिरत होता तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना, की हा पीत नाही? वर्षानुवर्षं तो तुमच्याकडे काम करत होता. एक शब्द बोलला असतात तर लोकांनी ऐकलं असतं. का नाही बोललात?

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचंय. राहू. पण त्याआधी, साहेब, हा माइक घ्या. वहिनीकडे बघून एवढंच बोला, की विलास प्यायलेला नव्हता. तुम्ही बोललात, की आपण सगळे उभे राहू.

या. मी थांबते.