चाळीस फूट लाल रेष

ऑफिस सुटल्यावर नोएडाच्या थांब्यावर बसच्या रांगेत उभ्या असलेल्या सुमित्राबाईंना मागून मराठी ऐकू आलं, आणि त्यांनी कान टवकारले. मागे एक सुतारमिस्त्री आणि त्याची बायको उभी होती.

“अहो, आधी सांगा, काम गेलं का? सकाळपासून जीव टांगणीला लागलाय.”

“ऐक तर! साहेब म्हणाले, भिंतीवरची लाकडी पट्टी तिरकी दिसतेय, चाळीसच्या चाळीस फूट उखडा.”

“अगं बाई! तुम्ही तर पाण्याच्या नळीनं लेव्हल धरून लावली होती.”

“तेच म्हटलं. तर म्हणाले, नळीचे दिवस गेले, लेझर आणतो. टिफिनएवढं यंत्र गं! बटण दाबलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीवर लाल रेष!”

“मग?”

“मग काय! माझी पट्टी रेषेला चिकटून. एका सुताचा फरक नाही. छत उतरतं निघालं, छत!”

“साहेब काय म्हणाले?”

“सॉरी मिस्त्री, म्हणाले. यंत्र बंद करायला लागले, तर मीच म्हटलं, राहू द्या थोडा वेळ.”

“अजून असेल का हो ती रेष?”

“असेल. छतवाला यायचाय, त्याला दाखवणार आहेत.”

“मग चला, मला बघायचीय.”

“अगं, बस आली बघ!”

“जाऊ दे, दुसरी येईल.”

दोघं रांगेतून निघून जवळजवळ पळतच परत गेली. सुमित्राबाई त्यांच्याकडे बघत उभ्याच राहिल्या.

“मॅडम, आगे बढ़िए!” मागून कुणीतरी ओरडलं.