करंगळीशेजारचं बोट

— बस वं मंजू, उठू नोको. तुह्या जाऊची, हिरीबाईची साखर चांगली निघाली, आता तुह्यी पाहू. तू तं जाऊबाईसंग नुसती आली? सारे असंच म्हनतात. तुले वाटलं असन, इतकी लठ्ठ जाऊ, तं साखर तिलेच असन — मलेही वाटे. अकरा वर्सं झाले, रिठद गावात आशाताई म्हनून फिरून राह्यली मी. टेप कमरेले लावाचा — बाई ऐंशीच्या आत, गडी नव्वदच्या आत, का पास. सुई लठ्ठ मानसाईले, बारक्याईले नुसता चहा. करंगळीशेजारचं बोट दे. ते नाई, अंगठा तं नाईच — सांगा लागते मले, कोनालेच ठाऊक नसते.

तं आयक. अकोल्याच्या डॉक्टरीनबाईनं समजावलं मले. चरबी वाईट नाई म्हने, तिले जागा पाह्यजे. चरबीच्या पेशीत प्रोटीन रायतात — शेलूबाजारातले हमाल समज. आलेला माल उचलाचा, थप्पीले लावाचा, लागन तवा काढून द्याचा. हिरीबाईचं गोदाम मोठं, हमाल दमाचे, माल जागेवर. काही बारक्या मानसाचे हमाल कामचोर — मंग माल जाते कुठं? लिव्हरमंदी, मांडीच्या मासात. इन्सुलिन येऊन दार ठोकते, साखर आत घ्या म्हनते — आत कोन आयकते? साखर रगतातच. वरून मानूस तुराटीवानी. साऱ्याईचंच असं होत नाई, पन पाह्यल्याबिगर कसं समजन? मी इचारलं, बाई, हमाल बदलता येते का? त्या हासल्या. चाला म्हने, गोळी घ्या.

कोनाले घेऊन गेल्ती? साक्षीच्या बाबाले. हो, माह्या मालकाले. पायाचा अंगठा कापला न त्याईचा. गावात मी फाळ लागला म्हनून सांगतलं — फाळ नाई लागला. तीन साल त्याईचं तपासनीचं फारम मीच भरलं, घरीच, ते जेवत असताना. कंबर सत्तर, धोका नाई, खाली माह्यी सही. यंत्र त्याईच्या डोक्यावर खुंटीले टांगेल होतं. एक बोट नाई टोचलं मी. त्याईनं मले शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

हे पाह्य, एकशे दोन. चांगली आहे. जाय आता, जाऊबाई वाट पाहून राह्यली.

काय म्हनतं? माह्यी? माह्यी कायले — मी तं बारीकच आहो. रातीतून चार खेपा उठा लागते, तहान लागते, ते उन्हानं. यंत्र ठेव खाली. मंजू, ठेव म्हनलं ना. — ते सुई नोको घेऊ, ते तुह्यी झाली. नवी त्या पुडक्यात आहे.

कोनतं बोट देऊ?