आत्याचं बंद पडलेलं खातं

आमच्या आत्याला वाटायचं, बँकेतल्या पैशाला हात लावायचा नसतो. दर दिवाळीला ती पासबुकाला हळद-कुंकू वाहायची आणि परत पेटीत ठेवायची, बास. एकदा मी तिला घोडेगावला बँकेत नेलं, तर साहेब म्हणाले, "आजी, इतकी वर्षं व्यवहारच नाही. खातं बंद पडलंय. असंच राहिलं तर पैसे बेवारस धरतील."

"बेवारस कसं? मी हितं हुबी हाय की."

अंगठा देऊन खातं चालू करून घेतलं. तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी ती रांगेत राहून शंभर रुपये काढायची, आणि पुन्हा रांगेत राहून तेच भरायची. साहेब पार वैतागले. "अहो आजी, वर्षातून एकदा पुरे."

"वर्सातनं एकदा मी देवाला जाते, भाऊ. तुमच्यावर तेवढा इस्वास न्हाई."