गाण्यातली घाई

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वहिनी, घरी जाऊन जरा पाठ टेका. दादाजवळ मी आहे.”

“घर खायला उठतं गं. इथे चर्चमधलं कुणी ना कुणी बसायला येतं. बळेबळे दोन घास खायला लावतात.”

“सकाळी फोनचं काय झालं? सिस्टर सांगत होत्या.”

“चर्चमध्ये उपासना चालू होती. पाळकसाहेबांनी तिकडून फोन लावला, मी ह्यांच्या कानाशी धरला.”

“पण दादाला शुद्ध कुठंय?”

“ऐक तर. ऑर्गनवर हे नाहीत म्हटल्यावर मंडळी गाताना नुसती पळत सुटली. हे नेहमी ओरडायचे ना, ‘तुमची गाडी सुटतेय का?’”

“हो, हो. मग?”

“ह्यांचं बोट हललं. चादरीवर ठोके देत होतं, अगदी संथ.”

“वहिनी! डॉक्टरांना सांगितलंत?”

“लगेच. ते म्हणाले, चांगलं लक्षण आहे.”

“आणि मंडळींना?”

“त्यांना म्हटलं, हेच गाणं पुन्हा म्हणा. आणि खबरदार, कुणी सावकाश म्हणाल तर!”