डावी बाही

नाही, बसत नाही, उभ्यानंच बोला — घरी नेणार का, हेच ना? नाही नेणार. झालं? — हळू कशाला बोलू? पडद्यामागं माझा सख्खा भाऊच आहे, ऐकू दे त्याला. डॉक्टर मॅडम, तुम्ही या वॉर्डात नव्या दिसता. नव्या माणसाचा आवाज असाच मऊ असतो. आधीच्या मॅडमचाही होता, त्या बदलून गेल्या, हा मात्र तिथंच, त्याच खाटेवर — ती त्याच्या नावावर करून द्या एकदाची! वॉर्डातले मामा तर त्याला जावईबापूच म्हणतात. आले का जावईबापू, घाला गादी!

येतो कशानं? दंड सुजून. सुया टोचून टोचून पिकलेला हात. तुम्ही पू काढता, पट्टी बांधता, ताप उतरला की घ्या म्हणता तुमचा पेशंट. हात बरा होतो हो, झकास होतो — पण सुई काय हात टोचून घेतो? ज्याला तलफ येते तो तसाच्या तसा परत, घामानं भिजलेला, अंग मोडून आलेला, आणि त्याला सांगायचं काय, तर मनावर घ्या. मनावर घ्या! शिडीवरून पडून पाठ गेली तेव्हा दुखण्याच्या गोळ्या इथूनच सुरू झाल्या ना, त्या पुरेनात म्हणून मग सुई — अहो, तुम्ही नाही दिल्या, तुम्ही तेव्हा शाळेत असाल.

मी शिवणकाम करते. दरवेळी त्याच्या शर्टाची डावी बाही उसवायची आणि कडेनं टिचबटणं लावायची, म्हणजे पट्टी बदलताना शर्ट काढायला नको. सिस्टर खूश. गेल्या खेपेला घरी नेला, चांगला राहत होता, माझ्या मशीनला तेल घालायचा, जेवायचा. मी आपली, हात रिकामा होता म्हणून तसाच एक शर्ट करून कपाटात ठेवला. सापडला त्याला. म्हणाला, “ताई, पुढच्या खेपेची तयारी होय?” हसला. मीही हसले. मग तोच अंगात घालून बाहेर पडला, तो थेट इथं — काय बघताय? शर्टानं होतं का कुठं असं? घरात छत्री ठेवली म्हणून पाऊस पडतो का? उगाच आपलं!

आणि आता म्हणे जिभेखालची गोळी सुरू केलीय, तलफ मरते, घरच्या माणसानं रोज समोर बसून द्यायची. वा! आजवर कुठं होती ही गोळी, कुलपात? आणि घरचं माणूस म्हणजे कोण, तर मीच, दुसरं आहे कोण? चार दिवस गोडीगुलाबी, मग जावईबापू हजर — माझी पिशवी राहू द्या. राहू द्या म्हटलं ना! शर्ट आहे. त्याचाच. हो, तोच. बाही शिवलीय, मग? बटणं काढली तर खुणा दिसायला लागल्या, म्हणून दुहेरी शिलाई मारली. आता उसवायला गेलं तर कापडच फाटेल, मलाही नाही जमायचं. शिवणारीनं बाही शिवली, त्यात काय एवढं बघायचं?

— ती गोळी विरघळेपर्यंत बोलू द्यायचं नाही म्हणालात ना मघाशी? पाणीही नाही? हा आणि गप्प बसणार, म्हणजे मलाच समोर — बरं. कळलं. जा आता तुम्ही. आणि जाताना पडदा नीट ओढा, त्याला कपडे बदलायचेत.