पहिली फाइल

वसईच्या एका हॉस्पिटलात सुमेधा नवऱ्याच्या रिपोर्टची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर अनोळखी बहीण-भाऊ दबक्या आवाजात भांडत होते; बहिणीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"नेल्सन, डॅडींच्या रेकॉर्डिंगना हात कशाला लावलास?"

"खरखर काढायला गं, प्रीतल. सगळ्या फाइल निवडल्या आणि तुझ्या लाँचरमधून, त्या प्रोग्रॅमच्या यादीतून, तू लिहिलेल्या 'साफ' नावाच्या स्क्रिप्टला पाठवल्या."

"अरे देवा! ती स्क्रिप्ट फाइल कायमची पुसून टाकते!"

"काय?"

"चाळीस दिवस रोज एक फाइल रेकॉर्ड केली त्यांच्या आवाजाची. आज स्वरयंत्रच काढणार आहेत त्यांचं!"

"परत नाही आणता येणार?"

"गप्प बस जरा. बघू दे मला."

सुमेधाच्या हातातला नंबरचा कागद चुरगळला.

"आहेत! एकोणचाळीस आहेत. लाँचरने सगळ्या दिल्या, पण माझी स्क्रिप्ट एका वेळी फक्त पहिलीच फाइल घेते. एकच गेली."

"कुठली?"

"पहिल्या दिवसाची. आपल्या दोघांना हाका मारलेली."

तेवढ्यात वॉर्डबॉय त्यांच्या डॅडींचं स्ट्रेचर ढकलत ऑपरेशनला न्यायला निघाला. प्रीतल मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून धावली.

"दादा, एक मिनिट थांबा! डॅडी, आम्हाला हाक मारा ना. घरी मारता तशी."

"इथं? लोक काय म्हनतील?"

"म्हणू देत. मारा, डॅडी."

म्हातारा खोकला. मग घोगऱ्या आवाजात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडला,

"नेल्सन! प्रीतू! जेवान वाढलंय, या लवकर!"

सुमेधाच्या ध्यानात आलं, त्या हाकेसरशी आपणही उठून उभ्या राहिलोय.