झेंडूचा केशरी

— नाही हो मॅडम, सही करायला माझं काय जातंय, पेन खिशातच आहे — पण चित्र धाकट्या मुलीनं काढलंय आणि स्पर्धेच्या फॉर्मवर नाव मोठ्या मुलाचं, म्हणून विचारलं. त्याचं दहावीचं वर्ष, एखादं सर्टिफिकेट असलेलं बरं — बरोबर, सगळे हेच म्हणतात. तिला काय, पुढच्या वर्षी स्पर्धा आहेच. हो, आहेच. बसा जरा. पंखा जोरात फिरत नाही, चालवून घ्या. इंदिरानगरातली चाळीस पोरं रोज चित्रकलेच्या क्लासला येऊन जातात, संध्याकाळी माझ्यातच जीव उरत नाही, पंख्याला काय बोलणार!

भिंतीवरचं बघताय? ते माझं, सहावीतलं — जिल्ह्यात पहिलं आलं होतं. आमची मखमलाबादला शेती, झेंडू आणि भाजीपाला, तर दसऱ्याची तोडणी काढलीय. बक्षीस काय, तर चोवीस ट्यूबांची रंगपेटी! तोवर घरात बारा वड्यांची एकच पेटी, तीही दोघांत — मी आणि मंजुषा, माझी धाकटी बहीण. पांढरी वडी संपली की ही बया आजोबांच्या चुन्याच्या डबीत बोट घालायची, मार खायची, पुन्हा घालायची. वेडी होती रंगांपायी. तर परीक्षकांनी मला स्टेजवर विचारलं, 'बाळ, हा केशरी कसा केलास रे?' मला काय डोंबल माहीत! तिनं झेंडूची पाकळी चुरून घासली होती — म्हणजे — हं. आता निघूनच गेलं तोंडातून. तिचंच चित्र ते. फॉर्म मी भरला, नाव माझं घातलं. कुणी सांगितलं नव्हतं हो, माझं मीच. वडील म्हणाले, पोराच्या हातात कला आहे — मला कलेच्या कॉलेजात घातलं, ती तोडणीला. त्यांना तरी काय माहीत? मग वणीच्या जत्रेतून मी तिला जादूची पाटी आणली — वरचा कागद उचलला की सगळं पुसतं, ती. तिच्यावर अख्खं शेत काढायची आणि आई बघायला यायच्या आत कागद उचलायची. म्हटलं, अगं राहू दे की थोडा वेळ. तर म्हणे, 'असंच बरंय.' आता लासलगावला असते, सून आलीय घरात. भेटली की माझ्या क्लासचं कौतुक करते. आणि मी — लोकांच्या पोरांच्या चित्रांवर हात फिरवत तीस वर्षं काढली, स्वतःचं एक धड चित्र नाही झालं माझ्याच्यानं. थकलो मॅडम.

खाली गाडीपाशी उभी आहे ती तुमची मुलगी ना? तिला विचारलंत? — काय? हसत हसत दिलं? 'दादाचं नाव घाला' म्हणाली?

मंजुषानं तर टाळ्या वाजवल्या होत्या. मी स्टेजवर, आणि ही पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवतेय.

फॉर्म उचला तो. नाही, सही नाही मिळायची. निघा तुम्ही, मला क्लास बंद करायचाय.